पंजशीरचा पाचू घेऊन राहिले का? पैसे देण्याआधी एवढं पाहून घ्या

दिवाळी सरली, कापूस-सोयाबीनचे पैसे हातात आले की आपल्या इकडच्या सराफ्यात पन्ना, म्हणजे पाचू, मागणारे लोक दिसू लागतात. कोणाच्या पत्रिकेत बुध कमजोर निघते, कोणाच्या पोराचं अभ्यासात मन लागत नाही, कोणाला नुसता तो हिरवा रंगच आवडते. घालायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय, त्यात मी पडत नाही. पण आता आठवडी बाजारातल्या खडेवाल्यापासून तं मोठ्या शोरूमपर्यंत जो तो एकच सांगून राहिला, "भाऊ, हा पंजशीरचा माल आहे, अफगाणिस्तानच्या पहाडातला", आणि त्या एका वाक्यावर भाव दुप्पट होते. माझं म्हणणं एवढंच आहे की पहाडाच्या नावाचे पैसे देऊ नका, समोर जो दगड आहे त्याचे द्या. मी वर्धा जिल्ह्यातला, सोनाराच्या घरातला, जडाईचं काम करतो, हिरवे खडे रोज हाताखालून जातात, आणि त्यातले किती लोकांनी कशापायी किती मोजले ते ऐकून जीव तुटते, म्हणून हे सविस्तर लिहून राहिलो.

पहिले हा दगड येते कुठून ते समजून घ्या, कारण भाव कशाचा लागते ते त्याच्यातच आहे.

पाचू म्हणजे बेरिल नावाचं खनिज. ते तयार व्हायला बेरिलियम नावाचा धातू लागते, आणि हिरवा रंग येते क्रोमियम नाही तं व्हॅनेडियममुळे. आता बेरिलियम असते एका जातीच्या खडकात आणि क्रोमियम असते भलत्याच जातीच्या खडकात, दोघांची सहसा भेटच होत नाही. पहाड उभे होताना जमीन दाबली जाते, खडक चिरतात, त्या चिरांमधून गरम खारं पाणी फिरते आणि तेव्हा कुठे दोन्ही माल एका जागी येते. म्हणून पाचू बहुतेक पहाडी मुलखातच सापडते, कोलंबियात अँडीज पर्वतात मुझो आणि चिवोरला, रशियात उरल पर्वतात, पाकिस्तानात स्वातच्या मिंगोराजवळ, अफगाणिस्तानात हिंदुकुशच्या पंजशीर दरीत. आपल्या देशात राजस्थानच्या अरवलीत १९४० च्या दशकात खाणी सुरू झाल्या होत्या. आफ्रिकेत झांबियाचा माल आज बाजारात भरपूर आहे, तो काही उंच पहाडातला नाही, पण दोन खडक भेटायची गोष्ट तिथंही तीच. आणि हे लक्षात ठेवा की ज्या उलथापालथीतून हा दगड तयार होते तीच उलथापालथ त्याच्या अंगात भेगाही ठेवून जाते. बिनभेगेचा, काचेसारखा साफ पाचू जवळपास नसतेच. कोणी स्वस्तात अगदी साफ, डागही नाही असा पाचू दाखवला तं खुश होऊ नका, तिथंच सावध व्हा.

पंजशीर काबूलच्या उत्तरेला आहे. खेंज नावाचं गाव आहे, तिथून वर डोंगरात खाणी, अंदाजे ७,००० फुटापासून १४,००० फुटापर्यंत. आपलं चिखलदरा साडेतीन हजार फुटांच्या थोडं वर आहे, तिथली थंडी ज्याला माहीत त्यानं विचार करावा. सामान चढवायचं ते पायवाटेनं, गाढवं-खेचरांवर. माणसं गट करून अरुंद बोगदे खोदतात, ड्रिल मारतात, सुरुंग लावतात, मंग ढिगाऱ्यात पांढऱ्या गारेच्या शिरा पाहत बसतात की कुठं हिरवं चमकते का. सुरुंगानं काम लवकर होते पण दगडाचं वाटोळं होते, आधीच भेगा असलेला खडा धक्क्यानं अजून चिरते, आणि जो शाबूत निघता तं लाखाचा झाला असता तो चुऱ्याच्या भावात जाते. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, त्यानंतरच्या लढाईत त्यांच्याशी लढणारे पंजशीरचे कमांडर अहमद शाह मसूद यांच्या लोकांचा बराच खर्च याच पाचूवर चालला. मसूद यांची ९ सप्टेंबर २००१ ला हत्या झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये पंजशीर तालिबानच्या ताब्यात गेलं आणि आता तिथल्या मालाचे सरकारी लिलाव होतात. ज्या माणसांनी त्या उंचीवर, त्या बोगद्यात जीव घालून हे काढलं त्यांच्या हाती फार कमी पडते, हे मला नेहमी खटकते. तिथून माल काबूल, पेशावर, दुबई असा फिरत फिरत जयपूरला येते, जोहरी बाजारात कापला जाते, पॉलिश होते आणि मंग नागपूरची इतवारी, अमरावतीचा सराफा करत आपल्या तालुक्याला पोचते. एवढ्या हातांतून गेलेल्या खड्याबद्दल आपला दुकानदार छातीठोक सांगते की हा पंजशीरचाच, तं त्याला विचारा की बावा कागद कुठं आहे. चांगल्या पंजशीरच्या आणि कोलंबियाच्या खड्यात फरक करायला मोठ्या लॅबवाल्यांनाही मशीन लावून पाहावं लागते, नुसत्या डोळ्यांनी देश सांगणारा माणूस अंदाजच सांगून राहिला.

भाव कशावर ठरते

सगळ्यात आधी रंग. हिरवा पाहिजे, थोडी निळसर झाक चालते, उलट चांगलीच समजतात, पण जास्त पिवळट किंवा करडा मारत असेल तं भाव पडते. फार फिका नको, आणि इतका गडदही नको की आतून काळा दिसेल. फिक्या हिरव्याबद्दल एक सांगतो, बेरिल लोखंडामुळेही हिरवट होते, त्याला लॅबवाले नुसतं ग्रीन बेरिल म्हणतात, एमरल्ड म्हणजे पाचू म्हणत नाहीत, आणि दोघांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रंगानंतर भेगा आणि तेल. हे नीट वाचा, कारण इथंच लोक फसतात. पाचूच्या भेगांमध्ये तेल भरायची पद्धत जुनी आहे आणि जगभर चालते, त्यात चोरी नाही, चोरी आहे ती न सांगण्यात. सीडरचं बिनरंगी तेल भरलं की भेग दिसेनाशी होते आणि खडा उजळते. आपल्या उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात त्या बुजलेल्या दिसतात, पण भेग गेली नसते ना, ऊन तापलं की परत उघडते, तेलाचंही अगदी तसंच आहे. दोन-चार वर्षांत तेल सुकलं की खडा पांढुरका दिसू लागते आणि माणूस म्हणते की ग्रहानं आपलं काम केलं, दगडानं वाईट ओढून घेतलं. नाही हो, तेल सुकलं. बिनरंगी थोडं तेल असेल तं काही हरकत नाही, जास्त असेल तं भाव खाली आला पाहिजे, आणि जर हिरवं रंगवलेलं तेल भरलं असेल, ज्याला बाजारात जोबन ऑइल म्हणतात, तं तो रंग दगडाचा नाहीच, तुम्ही तेलाच्या रंगाचे पैसे देऊन राहिले. तेलाऐवजी राळेसारखं रेझिन भरतात तेही असते, ते जास्त टिकते पण जुनं झालं की काढणं कठीण.

मंग वजन. पण वजन दुप्पट म्हणजे भाव दुप्पट असं नसते, त्याच दर्जाचा दोन कॅरेटचा खडा एक कॅरेटवाल्याच्या दुपटीहून महाग पडते, कारण मोठा चांगला तुकडा निघणं दुर्मिळ. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात रॉकफेलर एमरल्ड म्हणून ओळखला जाणारा १८.०४ कॅरेटचा कोलंबियाचा खडा सुमारे ५५ लाख डॉलरला गेला, म्हणजे एका कॅरेटला तीन लाख डॉलरच्या वर. आणि तेच आपल्याकडे अंगठीत घालतात तो धुरकट, जाळीजाळीचा पन्ना कॅरेटला काही शे ते काही हजार रुपयांत मिळते. दोघंही खरेच पाचू. म्हणून कोणी "पाचू हिऱ्यापेक्षा महाग असते" म्हटलं तं हसून सोडून द्या, कोणता पाचू ते विचारा.

दगड हातात घेतल्यावर

दुकानातल्या लाइटखाली कधीच ठरवू नका. ते पिवळे-पांढरे फोकस दगड सजवायलाच लावले असतात. सकाळी दहा-अकराच्या सुमारास जा, दुकानाच्या ओट्यावर या, उन्हात नाही, सावलीत, आणि पांढऱ्या कागदावर खडा ठेवा. आधी नुसत्या डोळ्यांनी पाहा, रंग सगळीकडे सारखा आहे की एका कोपऱ्यातच साचला आहे. मंग चिमट्यात धरून दहापटीच्या भिंगातून पाहा. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि खडा भिंगाकडे आणायचा, उलट करतात लोक आणि म्हणतात काही दिसत नाही. खडा हळूहळू कलता करा. खऱ्यात तुम्हाला बारीक बारीक चिरा दिसतील, शेवाळासारखा धूसर भाग दिसेल, कुठं काळे ठिपके, कुठं पिसासारखी जाळी, सगळं वेडंवाकडं, एका वळणाचं नाही. आता मोबाईलचा टॉर्च मागून लावा आणि परत कलता करा, एखाद्या भेगेत अचानक नारिंगी किंवा निळी चमक मारली तं आत रेझिन भरलं असायची शक्यता मोठी. हिरवा रंग जर फक्त भेगांच्या रेषांमध्येच साचला असेल तं रंगीत तेल.

गोल गोल बुडबुडे दिसले तं काच आहे, सरळ परत द्या. खड्याच्या कमरेवर, म्हणजे कडेच्या बाजूनं आडवं धरून पाहा, तिथं एक सरळ रेष आणि वर-खाली वेगळा रंग दिसला तं दोन तुकडे हिरव्या गोंदानं चिकटवले आहेत. आणि बंद कोंदणाच्या जुन्या दागिन्यात खड्याखाली डाक, म्हणजे चमकणारा पातळ पत्रा, ठेवली असते, तिच्या चमकेवरून रंग कधीच धरू नका, खडा काढल्याशिवाय काही समजत नाही.

भिंगालाही सहज न सापडणारा माल म्हणजे लॅबमध्ये वाढवलेला पाचू. तो काच नाही, रसायनानं तोही बेरिलच आहे, कडकपणा तोच, वजन जवळपास तेच. १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅरल चॅथम यांनी असे पाचू बनवायला सुरुवात केली आणि आता तं कितीतरी देशांत बनतात. कधी आत नागमोडी खुणा एकसारख्या दिसतात, कधी धुराच्या लाटेसारखा पडदा, पण ते ओळखायला सवयीची नजर पाहिजे. चेल्सी फिल्टर नावाची एक काच असते, तिच्यातून पाहिलं की कोलंबियाचा पाचू लालसर दिसते, दुकानदार ते दाखवून ग्राहकाला गप्प करते. पण लॅबमध्ये वाढवलेलाही लाल दिसते, उलट जास्तच लाल, आणि झांबियाचा किंवा आपल्या राजस्थानचा अस्सल खडा कितीदा दिसतच नाही, म्हणजे त्या फिल्टरवर भरवसा ठेवून काही ठरवता येत नाही. दुधात टाकला की दूध हिरवं दिसते, डोळ्यावर ठेवला की गारवा लागते, हे तं पूर्णच सोडा, हिरव्या काचेनंही दूध हिरवं दिसते. आणि घासून, ओरखडून पाहायची पद्धत तयार खड्यावर अजिबात नको, पाचूचा कडकपणा साडेसात ते आठ असला तरी भेगांमुळे तो ठिसूळ असते, टवका उडाला तं भरपाई तुम्हीच द्याल.

कागद कसा वाचायचा

दुकानाच्या नावाचं चकचकीत कार्ड म्हणजे लॅबचा रिपोर्ट नाही. ते दुकानदारानंच छापलं असते. रिपोर्ट पाहिजे तो वेगळ्या, स्वतंत्र लॅबचा, जयपूरला आयआयजीजे-आरएलसी आहे (आधीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी), मुंबईत जीआयए आणि आयजीआय आहेत. साधा ओळखीचा रिपोर्ट महाग नसते, पाच-दहा हजाराच्या वरच्या खड्याला तो मागितलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. रिपोर्टवर फोटो, कॅरेटमध्ये वजन आणि मिलिमीटरमध्ये मापं असतात, ती समोरच्या खड्याशी जुळवा, रिपोर्टचा नंबर लॅबच्या साइटवर टाकून पाहा, खोटे कागद फिरतात. त्यावर नॅचरल बेरिल, व्हरायटी एमरल्ड असं काहीतरी लिहिलं पाहिजे. सिंथेटिक किंवा लॅब ग्रोन लिहिलं असेल तं कारखान्यातला. ट्रीटमेंटच्या ओळीत तेलाचं प्रमाण देतात, मायनर म्हणजे थोडं, मॉडरेट म्हणजे मध्यम, सिग्निफिकंट म्हणजे भरपूर. बहुतेक लोक ही ओळ वाचतच नाहीत आणि भाव अर्धा इथंच ठरते. देश कोणता हे सगळे रिपोर्ट सांगत नाहीत, त्याचे वेगळे पैसे लागतात. म्हणून रिपोर्टवर अफगाणिस्तान लिहिलं नसेल तं पंजशीरच्या नावाचा एक रुपयाही जास्त देऊ नका.

रत्तीचा घोळ

ज्योतिषी सांगते सव्वापाच रत्ती, सात रत्ती. दुकानदार मोजते कॅरेटमध्ये. मधल्यामध्ये काय होते पाहा. सोनाराची जुनी रत्ती म्हणजे साधारण १२१.५ मिलिग्रॅम, तोळ्याच्या ९६ रत्ती होतात ती. खड्याच्या बाजारातली पक्की रत्ती मात्र त्याच्या दीडपट, १८२ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ०.९१ कॅरेट. एक कॅरेट २०० मिलिग्रॅमचा. आता सात रत्ती जुन्या हिशोबानं ४.२५ कॅरेट होते आणि पक्क्या हिशोबानं ६.३७ कॅरेट. कॅरेटचा भाव २,००० धरला तं एकीकडे ८,५०० आणि दुसरीकडे १२,७४०. सांगणाऱ्याच्या मनात कोणती रत्ती होती ते कोणी विचारत नाही. म्हणून रत्ती सोडा, कॅरेटमध्येच बोला, काट्यावर दोन दशांशापर्यंत वजन स्वतः पाहा आणि हे सगळं अंगठीत बसवायच्या आधी.

बसवल्यावर दुसरा घोळ. पाच कॅरेटचा खडा म्हणजे बरोबर एक ग्रॅम. अख्खी अंगठी काट्यावर ठेवून सगळं वजन सोन्याच्या भावानं लावलं तं तुम्ही एक ग्रॅम दगडाचे सोन्याचे पैसे दिले, आणि वरून खड्याचे वेगळे. बिलात सोन्याचं निव्वळ वजन वेगळं, खड्याचं वजन वेगळं, मजुरी वेगळी लिहून घ्या. हॉलमार्कसोबत सहा अक्षरांचा एचयूआयडी नंबर १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे, पण तो फक्त सोन्याबद्दल सांगते, खड्याबद्दल एक शब्द नाही, आणि कितीतरी लोक हॉलमार्क दाखवला म्हणजे पन्नाही खरा असं धरून चालतात.

"आवडला नाही तं परत घेऊ" हे बिलावर लिहून घ्या, किती टक्के कापून तेही. पक्क्या बिलावर नैसर्गिक पाचू, वजन, तेल आहे की नाही, एवढं लिहायला जो दुकानदार कचरते त्याच्याकडून उठून या. बिल असलं आणि फसवणूक निघाली तं ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन लावता येते, जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. बिल नसलं तं काहीच नाही. आणि जो पत्रिका पाहून खडा सांगते, त्याच्याच खिशातून तो खडा घेऊ नका, सल्ला एका जागचा आणि माल दुसऱ्या जागचा ठेवा. कर्ज काढून, सोसायटीचं पीककर्ज उचलून खडा घेणारे पाहिले की फार वाईट वाटते, बियाण्याचा पैसा बियाण्यालाच जाऊ द्या हो, खडा पुढच्या वर्षीही भेटते.

घेतल्यावर सांभाळायचा कसा

पाचूची अंगठी घालून शेतीकाम नको. फवारणीचं औषध, युरिया, गरम पाणी, कपड्याचा सोडा, या सगळ्यानं तेल निघते. वखराच्या नाही तं पंपाच्या दांड्याला एक ठोका बसला तरी कोपरा उडते. धुवायची झाली तं कोमट नाही, साध्या पाण्यात, मऊ ब्रशनं, हलक्या हातानं. सोनाराकडे ते थरथरणारं अल्ट्रासॉनिक मशीन असते, त्यात पाचू टाकू देऊ नका, वाफेच्या मशीनखालीही नको. अंगठी घट्ट-सैल करायची तं खडा आधी काढायला लावा, सोनाराच्या गॅस-टॉर्चची आच लागली की तेल तं जातेच, खडा चिरतेही, आणि हे घाईत करणारे कारागीर आहेत, म्हणून समोर बसून काढून घ्या. नवीन अंगठी बनवताना कोपऱ्याचा खडा असेल तं कोपऱ्याकोपऱ्यावर सोनं चढलं पाहिजे असं सांगा, पाचू कोपऱ्यातच पहिले फुटते. पांढुरका पडला तं फेकू नका, जयपूरचे कारागीर परत तेल भरून देतात.

आता विहिरीतल्या दगडाबद्दल, कारण हे मला लोक फार विचारतात. विहीर खोदताना, बोअर मारताना काळ्या खडकातून हिरवं काही निघालं की घरात कुजबुज सुरू होते. पश्चिम विदर्भाचा बराचसा खडक लाव्हाचा बेसाल्ट आहे, त्याच्या पोकळ्यांमध्ये सेलॅडोनाइट नावाची हिरवी माती-पापुद्र्यासारखी वस्तू, झिओलाइटचे खडे, गारगोटीच्या जातीचे दगड सर्रास असतात. पाचूला लागणारं बेरिलियम त्या खडकात जवळपास नसतेच. घरच्या घरी पाहायचं तं कच्च्या दगडावर चाकूच्या टोकानं रेघ ओढा, ओरखडा पडला तं पाचू नाही, नक्की नाही. ओरखडा नाही पडला पण दगड मेणासारखा गुळगुळीत आणि धुरकट आहे तं बहुतेक गारगोटीची जात. पाचूचा कच्चा खडा सहा कोनाच्या कांडीसारखा असते, वरचं टोक चपटं. पूर्व विदर्भात भंडारा-गडचिरोलीकडे खडक जुने आहेत, तिकडची खनिजं वेगळी, तिथं काही विचित्र निघालं तं दाखवायला हरकत नाही. राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाचं मुख्यालय नागपूरलाच आहे. दगड जसा निघाला तसा, मातीसकट कागदात गुंडाळा, कुठल्या गावाचा, किती फुटावरून निघाला ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा, आणि गावात आलेल्या कोण्या खडेवाल्याला "फुकट तपासून देतो" म्हणते म्हणून देऊ नका.